कोठडीतल्या दिवसांची भरपाई

ठाण्याच्या कोर्ट नाक्याच्या परिसरात जिल्हाधिकारी कार्यालय आहे आणि जिल्हा न्यायालयही आहे. जुन्या किल्ल्यातले मध्यवर्ती कारागृह तिथून फार लांब नाही. सरकारी वर्दीने आपल्यावर अन्याय केला आणि त्याची भरपाई हवी, असे म्हणणाऱ्या ठाणेकराची वाट बहुधा याच भागातून जाते. फरक पडतो तो दारात. कोलशेतमधल्या एखाद्या आजीचे यजमान १९७५ साली आणीबाणीत 'मिसा' कायद्याखाली तुरुंगात गेले असतील, तर त्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करतात आणि कागद बरोबर असले तर दरमहा ठरलेली रक्कम खात्यात येते. त्याच कोलशेतमधल्या तरुणाला गेल्या वर्षी पोलिसांनी उचलून नेऊन चार दिवस कागदावर न दाखवता बसवून ठेवले असेल, तर त्याच्यासाठी असा कुठलाही अर्ज छापलेला नाही. त्याने वकील गाठायचा, पुरावा जमवायचा आणि न्यायाधीशांना जे योग्य वाटेल त्याची वाट पाहायची.

दोघांचीही तक्रार एकच, की राज्याने बेकायदा डांबले. तरी एकाला मिळतो तो 'गौरव' आणि दुसऱ्याला मिळालाच तर 'दिलासा'. बेकायदा डांबल्याची भरपाई राज्याने देणे लागते, असे सांगणारा देशभर लागू कायदा भारतात अजून नाही.

मिसाबंदी आणि त्यांच्या घरची माणसे

२५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि २१ मार्च १९७७पर्यंत ती टिकली. अंतर्गत सुरक्षा कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेला 'मिसा', १९७१पासूनच होता. आणीबाणीत त्याला अशी कलमे जोडली गेली की स्थानबद्धतेची कारणे कैद्याला सांगण्याचीही गरज उरली नाही. गुप्तवार्ता शाखेने याद्या करायच्या, जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी किंवा पोलीस आयुक्तांनी आदेशावर सही करायची आणि पहाटे दार वाजायचे. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या आकड्यांनुसार देशभरात सुमारे ३५ हजार माणसे मिसाखाली आणि ७५ हजारांहून अधिक भारत संरक्षण नियमांखाली पकडली गेली. महाराष्ट्राचा वाटा मिसाखाली ५,४७३ आणि संरक्षण नियमांखाली ९,७९९.

या पंधरा हजारांत काही घरे अशी होती, जिथून नवरा-बायको दोघेही गेले. सर्वांत ठाऊक असलेले जोडपे म्हणजे मधू आणि प्रमिला दंडवते. राजापूरचे खासदार असलेल्या मधूंना आणीबाणी लागताच बंगळूरमध्ये अटक झाली. वाजपेयी आणि अडवाणी हेही तिथेच पकडले गेले. प्रमिलाबाईंना येरवड्यात ठेवले गेले. एकाच राज्यातही नसलेल्या दोन तुरुंगांतून त्यांनी एकमेकांना पत्रे लिहिली. प्रत्येक पत्र तुरुंगाच्या नजरेखालून जायचे, त्यामुळे राजकारणाबद्दल लिहायची सोय नव्हती. संसार, वाचन, संगीत आणि आठवणी एवढ्यावरच दीड वर्ष निभावायचे.

दंडवत्यांना भरपाई मिळाली ती मतपेटीतून. १९७७ला मधू दंडवते राजापुरातून पुन्हा निवडून आले आणि देशाचे रेल्वेमंत्री झाले. प्रमिलाबाई १९८०ला मुंबईतून लोकसभेत गेल्या. ज्यांच्या पाठीशी पक्ष नव्हता त्या शिक्षकाच्या, गिरणी कामगाराच्या, दुकानदाराच्या घराचे काय झाले, याचा हिशेब कुणी मांडला नाही. नोकरी गेली, दुकान बसले, मुलाची फी थकली. ही झळ मुख्यतः बाहेर राहिलेल्या बायकांनी सोसली. एकोणीस-वीस महिने घर त्यांनीच ओढले.

महाराष्ट्र सरकारने या लोकांसाठी पैसे देण्याचे धोरण आणले ते २०१८ साली, म्हणजे आणीबाणी उठून एकेचाळीस वर्षे झाल्यावर. प्रमिलाबाई २००१ला गेल्या होत्या, मधू दंडवते २००५ला. महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढलेल्यांना दरमहा १०,००० रुपये आणि त्याहून कमी काळ काढलेल्यांना ५,००० रुपये ठरले. बंदी हयात नसेल तर पती किंवा पत्नीला निम्मे, म्हणजे ५,००० किंवा २,५००. घर सांभाळलेल्या बाईचा हक्क तिच्या स्वतःच्या सोसण्याचा धरला गेला नाही. नवऱ्याच्या रकमेचा उरलेला भाग म्हणून तो तिच्याकडे येतो.

मग २०१९ला सरकार बदलले. ३१ जुलै २०२०ला महाविकास आघाडी सरकारने करोनामुळे तिजोरीवर आलेला ताण सांगून योजना बंद केली. २०२२च्या जुलैमध्ये पुन्हा सरकार बदलले आणि काही दिवसांतच योजना पुन्हा सुरू झाली. त्या वेळी लाभार्थी सुमारे ३,६०० असल्याचे सांगण्यात आले. २०२५च्या जूनमध्ये, आणीबाणीला पन्नास वर्षे होत असताना, रक्कम दुप्पट झाली: २०,००० आणि १०,०००, तर जोडीदाराला १०,००० आणि ५,०००.

हा खेळ महाराष्ट्रापुरता नाही. मध्य प्रदेशात २००८ला असाच निधी सुरू झाला आणि २०१९च्या सुरुवातीला नव्या सरकारने पडताळणीच्या नावाखाली तो रोखला. राजस्थानात २०१९ला बंद झाला, छत्तीसगडमध्ये २०२०ला बंद झाला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने तो पुन्हा सुरू करायला लावला. सत्तरी-ऐंशीतल्या माणसांचा तुरुंगवास होता तेवढाच आहे, त्यात एका दिवसाची भर पडलेली नाही की घट झालेली नाही. त्याची किंमत मात्र दर निवडणुकीनंतर बदलते.

राजा चुकत नाही, या कल्पनेचा पाठलाग

न्यायालयाच्या दाराने आलेल्यांचा इतिहास याहून जुना आहे आणि त्यातल्या दोन मोठ्या वळणांवर मराठी न्यायमूर्ती उभे आहेत.

पहिले प्रकरण फाळणीच्या धामधुमीतले. २० सप्टेंबर १९४७ला अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार मेरठला उतरला. पोलिसांनी संशयावरून त्याला धरले आणि त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने व दोन मणांहून अधिक चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी तो सुटला. चांदी परत मिळाली, सोने मिळाले नाही. ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात मालखाना होता, तो महिन्याभरात सोने घेऊन पाकिस्तानात पसार झाला होता. पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. तो 'कस्तुरीलाल' खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १९६४च्या सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला. पोलिसांनी मोठा हलगर्जीपणा केला हे मान्य; पण अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामे, ती करताना नोकराची चूक झाली तर राज्य पैसे देणे लागत नाही. ही स्थिती चांगली नाही, याचीही नोंद निकालात होती आणि विधिमंडळाने कायदा करावा असेही सुचवले होते. विधी आयोगाने तर आपल्या अगदी पहिल्या, १९५६च्या अहवालातच हे सांगून ठेवले होते. साठच्या दशकात दोनदा विधेयक आले. कायदा एकदाही झाला नाही.

दुसरे वळण यशवंतराव विष्णू चंद्रचूड यांचे. २८ एप्रिल १९७६ला मिसाबंद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ठरवले की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी याच्या उलट मत दिले होते. ती सगळी मते रद्द झाली. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना होते. बहुमतातल्या चौघांत चंद्रचूड होते.

सात वर्षांनी तेच चंद्रचूड सरन्यायाधीश असताना बिहारच्या तुरुंगातून रुदुल साह नावाच्या कैद्याची कहाणी त्यांच्यासमोर आली. सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ला त्याला निर्दोष सोडले होते. तो प्रत्यक्षात बाहेर पडला १६ ऑक्टोबर १९८२ला. निर्दोष सुटलेला माणूस चौदा वर्षे गजाआड, आणि सरकारकडे सांगायला कारण एवढेच की तो वेडा होता. त्याचाही धड पुरावा नाही. १ ऑगस्ट १९८३ला चंद्रचूड यांनी ३०,००० रुपये द्यायला लावले, आधीचे ५,००० धरून ३५,०००. मूलभूत हक्क मोडला तर न्यायालय नुसते 'सोडा' म्हणून थांबणार नाही, पैसेही द्यायला लावेल, हे भारतात पहिल्यांदा ठरले ते असे. रक्कम मात्र गजाआडच्या त्या एका एका दिवसावर वाटली तर दिवसाला सात रुपयेही भरत नाहीत. ही तात्पुरती मलमपट्टी आहे, पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा लावायला तो मोकळा आहे, असे निकालातच म्हटले होते.

तेवढी फट पुरली. १९८५ला जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंह यांना विधानसभेत पोचू नये म्हणून अडकवून ठेवल्याबद्दल ५०,००० रुपये मिळाले. १९९३ला ओडिशातल्या नीलाबती बेहेरा या आईचा विजय झाला. तिचा बावीस वर्षांचा मुलगा चौकीत नेला गेला आणि दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांवर मृत सापडला. तिने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले आणि दीड लाख रुपये द्यायला लावले. न्या. जे. एस. वर्मा यांनी तिथे स्पष्ट केले की मूलभूत हक्कांच्या प्रकरणात सार्वभौम कामाची ढाल चालणार नाही. कस्तुरीलालचा निकाल कागदावर राहिला, पण कोठडीच्या प्रकरणांत त्याची धार गेली.

याच मालिकेतले डी. के. बसू प्रकरण १८ डिसेंबर १९९६चे. अटकेचा मेमो, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकांना कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी असे अकरा नियम त्यात आले. पोलीस ठाण्यात भिंतीवर लावलेला जो फलक कुणी वाचत नाही, तो बहुधा याच नियमांचा असतो.

या निकालांनी जगासमोर दिलेली एक सरकारी कबुलीही निकामी केली. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात बेकायदा अटक झालेल्याला भरपाईचा हक्क आहे, असे कलम आहे. भारत १९७९च्या एप्रिलमध्ये या करारात सामील झाला तेव्हा सरकारने लिहून दिले की आमच्या कायद्यात असा सक्तीने मिळवता येणारा हक्क नाही. हे लिहिणारे सरकार जनता पक्षाचे होते. त्याच्या मंत्रिमंडळात आणीबाणीचा तुरुंग भोगून आलेली माणसे बसली होती.

एका दिवसाची किंमत

रक्कम ठरवायचे सूत्र नाही, ही या वाटेची मोठी अडचण. रुदुल साहला दिवसाला सात रुपयांच्या आत. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ला खोट्या हेरगिरी प्रकरणात सुमारे पन्नास दिवस कोठडी भोगावी लागली. २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख दिले, म्हणजे कोठडीच्या दिवसाला लाखभर. अर्थात त्यात चोवीस वर्षांची लढाई आणि उद्ध्वस्त झालेली कारकीर्दही मोजली होती. पण फरक केवळ काळाचा आणि महागाईचा नाही. अन्याय झालेला माणूस कोण आहे, त्याच्या बाजूने कोण उभे आहे, प्रकरण किती गाजले, यांचाही तो फरक आहे.

महाराष्ट्रातली उदाहरणे घेतली तरी हेच दिसते. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये मध्य प्रदेश पोलिसांनी एका व्यवहाराच्या तक्रारीवरून पुण्यातल्या एका डॉक्टर तरुणीला आणि वकिली करणाऱ्या तिच्या आईला घरून उचलून भोपाळला नेले. आधी नोटीस द्यायची कायद्याची अट पाळली नाही. मुलगी काही आठवडे तुरुंगात राहिली, आई तीन महिन्यांहून अधिक. २०१६च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघींना प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस घाटकोपर स्फोटाच्या तपासात पकडला गेला आणि २००३च्या जानेवारीत पोलिसांच्या ताब्यातून 'पळाला' असे सांगण्यात आले. सीआयडीच्या तपासात तो कोठडीतच मेल्याचे पुढे आले. त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ला २० लाखांची भरपाई मंजूर केली. संबंधित पोलिसांवरचा फौजदारी खटला त्यानंतरही वर्षानुवर्षे रेंगाळला.

परभणीतच २०२४च्या डिसेंबरमध्ये सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. सरकारने दहा लाखांची मदत जाहीर केली. आईने धनादेश नाकारला. आधी गुन्हा नोंदवा, हे तिचे मागणे होते आणि २०२५च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिलाही. पैसे हातात ठेवायचे आणि चूक मान्य करायची नाही, ही सरकारी रीत त्या नकाराने उघडी पडली.

घरच्यांचा दम

ठाण्याच्या आसपासची दोन प्रकरणे सांगतात की ही लढाई कायद्याइतकीच दमाची असते.

ठाण्यात राहणारे कार्यकर्ते अरुण फरेरा यांना २००७ला नागपुरात नक्षलवादी असल्याच्या आरोपावरून अटक झाली. एकेक खटला सुटत गेला आणि २०११च्या सप्टेंबरमध्ये नागपूर कारागृहाचे दार त्यांच्यासाठी उघडले. बाहेर वकील आणि घरची माणसे न्यायला आली होती. त्यांच्यादेखत साध्या वेशातल्या पोलिसांनी त्यांना गाडीत कोंबले आणि नव्या गुन्ह्यात पुन्हा अटक दाखवली. ते अखेर २०१२च्या जानेवारीत बाहेर आले, त्या खटल्यांतून निर्दोष सुटले आणि बेकायदा अटकेच्या भरपाईसाठी उच्च न्यायालयात गेले. तुरुंगाच्या दिवसांवर त्यांनी पुस्तक लिहिले, वकिलीही सुरू केली. २०१८च्या ऑगस्टमध्ये ठाण्याच्या घरातून एल्गार परिषद प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला २०२३चा जुलै उजाडला. तो खटला अजून उभा आहे. जुन्या अन्यायाची भरपाई मागणारा माणूस त्याच यंत्रणेच्या लेखी पुन्हा आरोपी असू शकतो, आणि तसे झाले की त्याची मागणी लोकांच्या कानावर पडेनाशी होते.

दुसरे प्रकरण एका जोडप्याचे. बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी २३ सप्टेंबर २०२४च्या संध्याकाळी तळोजा कारागृहातून आणला जात असताना मुंब्रा बायपासजवळ पोलीस गाडीत गोळीबारात मारला गेला. त्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि स्वसंरक्षणात त्याच्यावर गोळी चालवावी लागली, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याच्या आईवडिलांनी चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालय गाठले. लोकांचा राग इतका होता की मुलाच्या दफनालाही जागा मिळेना. २०२५च्या फेब्रुवारीत त्या दोघांनी न्यायालयाला सांगितले की आता हे प्रकरण पुढे न्यायचे नाही, धावपळ झेपत नाही. एरवी याचिका तिथेच संपली असती. खंडपीठाने मात्र न्यायमित्र नेमून सुनावणी चालू ठेवली आणि एप्रिलमध्ये विशेष तपास पथकाचा आदेश दिला; पुढे सर्वोच्च न्यायालयाने पथकाच्या रचनेत बदल केला. आरोपीवरचा आरोप किती भयंकर होता, हा वेगळा मुद्दा आहे. कोठडीतल्या माणसाचा जीव राज्याच्या जबाबदारीवर असतो, हा कायदा त्यालाही लागू आहे. आईवडील थकले तर ती जबाबदारी विचारणारे कोण, याचे उत्तर त्या वेळी एका खंडपीठाच्या मर्जीने मिळाले.

बर्लिनची कागदपत्रे

राज्याने स्वतःहून हिशेब मांडला तर तो कसा दिसतो, यासाठी जर्मनीकडे पाहावे. पूर्व जर्मनीच्या 'स्टाझी' या राज्य सुरक्षा पोलिसांकडे १९८९ला सुमारे ९१ हजार पगारी माणसे होती आणि खबऱ्यांची संख्या त्याहून मोठी होती. माणसाला तुरुंगात न टाकताही खिळखिळे करायचे त्यांचे तंत्र होते: नोकरीत बदनामी, निनावी पत्रे, मैत्री आणि लग्न मोडेल अशा अफवा. व्हेरा वोलेनबर्गर या कार्यकर्तीला १९८८च्या जानेवारीत मोर्चाला जाताना अटक झाली आणि नंतर देशाबाहेर पाठवले गेले. भिंत पडल्यावर १९९१च्या डिसेंबरमध्ये स्टाझीची दप्तरे ज्याची त्याला पाहायला मिळतील असा कायदा झाला. दप्तरे उघडली तेव्हा तिच्यावर पाळत ठेवणारा 'डोनाल्ड' हा खबऱ्या म्हणजे तिचा नवराच निघाला.

तिथे भरपाईचा दर कायद्यातच आहे. राजकीय कारणाने भोगलेल्या तुरुंगवासाच्या दर महिन्याला ३०६ युरो ७८ सेंट. २००७पासून ठरावीक काळाहून अधिक तुरुंगात राहिलेल्या आणि उत्पन्न कमी असलेल्यांना त्याखेरीज मासिक निवृत्तिवेतन. तुरुंगात न टाकता ज्यांचे आयुष्य पोखरले, त्यांना २०१९च्या दुरुस्तीने एकरकमी १,५०० युरो. रकमा फार मोठ्या नाहीत, त्यावर तिथेही नाराजी आहे. पण निवडणूक कुणीही जिंकली तरी त्या थांबत नाहीत आणि पुरावा सरकारनेच जपून ठेवलेला आहे.

भारतात हा पुरावाच हाती लागत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या २४व्या कलमाने गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांना बाहेर ठेवले आहे. मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तर माहिती द्यावी लागते, असा अपवाद त्याच कलमात आहे. त्यासाठी माहिती आयोगाची मंजुरी लागते.

वर्षाची मुदत

प्रत्यक्षात पोलिसांनी छळ केला तर कोलशेतच्या माणसाला काय करता येते? सर्वांत आधी घड्याळ पाहायचे. राष्ट्रीय किंवा राज्य मानवी हक्क आयोग घटनेपासून एक वर्षानंतर चौकशी करू शकत नाही. बेकायदा डांबल्याबद्दलचा दिवाणी दावा सुटकेपासून एका वर्षात लावावा लागतो, आणि सरकारवर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पोलीस ठाण्याच्या धाकाने माणूस सहा-आठ महिने गप्प बसला, तर त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. राज्य आयोगाचे कार्यालय मुंबईत सीएसएमटीसमोर आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. आयोग भरपाईची शिफारस करतो, आदेश नाही. आदेश हवा असेल तर अनुच्छेद २२६खाली उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि ठाणे जिल्ह्यासाठी ती मुंबईतच करावी लागते. रिटचा फायदा असा की तिला दिवाणी दाव्यासारखी एका वर्षाची ठाम मुदत नाही. तोटा असा की तथ्यांवर वाद असेल तर न्यायालय पुन्हा दिवाणी दाव्याकडे बोट दाखवू शकते.

पुरावा पहिल्या काही दिवसांतच जमवावा लागतो. सरकारी रुग्णालयातली तपासणी, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर केल्यावर मारहाणीची नोंद करून घेणे, ज्या वेळी नेले त्या वेळचे सोसायटीच्या फाटकावरचे चित्रण. २०२०च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात आणि दारांवर कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी जपायचा आदेश दिला. त्याची प्रत मागता येते. मागणी लेखी आणि लगेच करायची, म्हणजे 'यंत्र बंद होते' हे उत्तरही लेखीच येते.

फौजदारी कायद्यात विनाकारण अटकेची एक भरपाई आहे खरी. दंडाधिकारी ती देववू शकतात, पण पोलिसांकडून नाही. ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्याच्याकडून. कमाल मर्यादा १,००० रुपये.

राजस्थान विधानसभेने २०२५च्या मार्चमध्ये मिसाबंद्यांच्या मानधनासाठी स्वतंत्र कायदाच मंजूर केला, पुढच्या सरकारला ते सहज बंद करता येऊ नये म्हणून. सरकारला हवे असते तेव्हा कायदा होतो, हे त्यातून दिसले. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ला सही केली, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. २०१०ला लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक मंजूर केले, ते पुढे बारगळले. विधी आयोगाने २०१७च्या २७३व्या अहवालात नव्या विधेयकाचा मसुदाच जोडून दिला. कोठडीत जखम झाली तर ती पोलिसांनी केली असे धरावे आणि नाही हे त्यांनी सिद्ध करावे, ही १९८५पासूनची शिफारसही त्यात पुन्हा होती. २०२३ला संसदेने दंडसंहिता, प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा असे तिन्ही कायदे नव्याने लिहिले. जखमेबद्दलचे ते कलम नव्या पुरावा कायद्यात आलेले नाही. विनाकारण अटकेच्या भरपाईचे कलम नव्या संहितेत ३९९ क्रमांकाने आहे. मर्यादा तीच, १,००० रुपये.